दुभाष्याची निवृत्ती

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी २०१३ साली एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दिला होता. दोनशे ओळींचाही नसेल. पुस्तकाचे नाव, लेखक आणि दाखल क्रमांक एका साध्या फाइलमधून वाचायचे, मराठी वर्णक्रमाने लावायचे आणि यादी व कपाटांवर चिकटवायच्या पट्ट्या छपाईला द्यायच्या, एवढेच त्याचे काम. मधल्या काळात संगणकावरची डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम दोन-तीनदा नवी केली, तरी तो विनातक्रार चालला. २०२३च्या पावसाळ्यात त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. नवा संगणक आला, त्यावर डेबियनची जूनमध्येच निघालेली बारावी आवृत्ती घातली, जुन्या फाइली राखीव प्रतीतून परत आणल्या. दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "अहो, यादी निघत नाही. पायथन नावाचे काही सापडतच नाही म्हणतोय."

प्रोग्रॅममध्ये कोणी एका अक्षराचाही फरक केला नव्हता. पुस्तकांची फाइल तीच होती, छपाईयंत्र तेच होते. तरीही दहा वर्षे चाललेली गोष्ट एका रात्रीत बंद पडली. तो दुरुस्त करायला मला एक आठवडा लागला. त्यातले हाताचे काम दोन तासांचे. उरलेला वेळ हे नेमके कोणी, कधी आणि का बदलले हे समजून घेण्यात गेला. जे समजले ते संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या वाचकालाही उपयोगी पडेल असे वाटते, कारण मराठीत लिहिलेले जे जे आज संगणकावर आहे ते याच साखळीला लटकलेले आहे.

दुभाषा आणि त्याचा गोतावळा

पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे निव्वळ मजकूर असतो. संगणकाच्या प्रोसेसरला तो थेट कळत नाही. तो वाचून त्याप्रमाणे काम करवून घेणारा दुसरा एक प्रोग्रॅम मध्ये लागतो. त्याला आपण दुभाषा म्हणू. दुभाष्याबरोबर त्याचा गोतावळाही येतो, म्हणजे तारखा, गणित, फाइली, अक्षरे अशा कामांसाठी आधीच लिहून ठेवलेले संच. त्यांना लायब्ररी म्हणतात. (गावच्या वाचनालयाशी घोटाळा नको म्हणून या लेखात लायब्ररी हा शब्द फक्त या अर्थाने वापरतो.) दुभाषा आणि हा गोतावळा मिळून त्या भाषेचा रनटाइम होतो.

माझ्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत 'मला पायथनच्या हवाली करा' एवढीच सूचना होती. कोणता पायथन, हे मी लिहिलेच नव्हते. २०१३मध्ये डेबियनवर नुसते पायथन म्हटले की पायथन २ समजले जाई. पायथन ३ डिसेंबर २००८मध्येच निघाला होता, पण जगभराचे बहुतेक काम अजून दोनवर चालू होते आणि शिकण्याची पुस्तकेही त्याचीच मिळत. मीही तेच वापरले. माझी चूक तिथे झाली. चुकीची आवृत्ती निवडली हा दोष लहान होता. निवड केली आहे हेच मी कुठे नोंदवले नाही, हा मोठा.

कोठाराचे नियम

डेबियनची सुरुवात १९९३ साली इयन मर्डॉक यांनी केली. आज जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. २०२३चे त्यांचे वार्षिक संमेलन कोचीला भरले होते, आणि आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिमही डेबियनवरच उभी आहे. डेबियन म्हणजे मुख्यतः एक कोठार. बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. प्रत्येक पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम, लायब्ररी किंवा दुभाषा, आणि त्याला जोडलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेले असते की हे चालायला दुसरे काय काय लागते आणि ते किमान कितव्या आवृत्तीचे हवे. आपण एक पॅकेज मागितले की कोठारी या चिठ्ठ्या वाचत जातो आणि लागणारे सगळे बरोबर आणतो.

या कोठाराचा एक जुना नियम असा की एका लायब्ररीची शक्यतो एकच प्रत ठेवायची आणि ज्यांना ती लागते त्या सर्वांनी तीच वापरायची. हे एकत्र कुटुंबासारखे आहे, आणि त्याचे फायदे-तोटेही तसेच. फायदा २०१४च्या एप्रिलमध्ये ठळक दिसला. ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाने गाजलेले भोक सापडले. संकेतस्थळांशी होणारा गुप्त संवाद ही लायब्ररी सांभाळते, त्यामुळे जगातल्या असंख्य सर्व्हरांची गुपिते उघडी पडण्याची भीती निर्माण झाली. डेबियन वापरणाऱ्यांना तेव्हा त्या एकाच लायब्ररीचे पॅकेज बदलायचे आणि ती वापरणारे प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचे एवढेच करावे लागले. प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या पोटात वेगळी प्रत लपवली असती, तर एकेक शोधून दुरुस्त करत बसावे लागले असते, आणि एखादी राहून गेली तर ती राहिली हेही कळले नसते.

तोटा असा की सामाईक वस्तू बदलायची वेळ आली की सगळ्यांना एकदम बदलावे लागते. पायथनच्या बाबतीत हेच झाले, कारण तिसरी आवृत्ती दुसरीशी जाणूनबुजून विसंगत केलेली होती.

पंधरा, पाच की तीन

विसंगती का पत्करली, याचे मुख्य कारण मराठी वाचकाने समजून घेण्यासारखे आहे. 'मराठी' हा शब्द घ्या. लांबी किती? आपण अक्षरे मोजतो : म, रा, ठी. तीन. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात मात्र काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र स्थान आहे, म्हणून तिथे म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे होतात. ही चिन्हे डिस्कवर ठेवताना यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे पंधरा. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह म्हणजे एक बाइट.

पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ होती. 'मराठी'ची लांबी विचारली तर तो पंधरा सांगे. युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार त्यात होता, पण दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळू दिले जात. मजकूर इंग्रजी असेतो मिसळलेले खपून जाई. त्यात एक देवनागरी किंवा जपानी अक्षर आले, की प्रोग्रॅम मधेच कोसळे. त्यामुळे अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याला जो दोष वर्षानुवर्षे दिसत नसे, तो आपल्याकडे पहिल्याच दिवशी भेटे. पायथन ३ने भिंत घातली. मजकूर म्हणजे युनिकोड चिन्हे, बाइट म्हणजे बाइट, आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर कोणत्या पद्धतीने ते स्पष्ट सांगायचे. त्याच्या लेखी 'मराठी'ची लांबी पाच आहे.

हा बदल जुन्या प्रोग्रॅमांना मुकाट्याने पचणारा नव्हता. शिवाय भागाकाराचा अर्थ बदलला. एकाला दोनने भागले तर पायथन २ शून्य देई, तीन अर्धा देतो. छापण्याची आज्ञा लिहिण्याची रीतही बदलली. जुन्या मालिकेचा आधार २०१५ साली काढून घेण्याचे ठरले होते. लोकांची तयारी नाही हे पाहून २०१४मध्ये ती मुदत २०२०पर्यंत वाढवली. अखेरची २.७.१८ ही आवृत्ती एप्रिल २०२०मध्ये निघाली आणि तिथे ती मालिका संपली. म्हणजे पायथन ३ निघाल्यापासून अकरा वर्षांहून अधिक काळ दोन्ही मालिका शेजारी शेजारी चालू होत्या.

काढण्याचा क्रम

कोठारात नवी वस्तू आणणे त्या मानाने सोपे असते. जुनी काढणे अवघड, कारण तिच्यावर कोण कोण उभे आहे ते पाहावे लागते. पायथन २ काढायचा तर त्याच्या लायब्ऱ्या आधी काढाव्या लागतात. त्या काढायच्या तर त्या वापरणारे प्रोग्रॅम आधी पायथन ३वर न्यावे लागतात. म्हणजे उभारताना पायापासून वर जायचे आणि उतरवताना कळसापासून खाली यायचे.

डेबियनच्या लोकांनी २०१९मध्ये हे काम पद्धतशीर हाती घेतले. पायथन २ला धरून असलेल्या एकेका पॅकेजच्या नावे दोषनोंद केली. मग ज्याच्यावर दुसरे कोणीच अवलंबून नाही अशी टोकाची पॅकेजे शोधायची. त्यांची नोंद गंभीर श्रेणीत चढवायची, म्हणजे ती सुधारा, नाहीतर पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा नाही. ती गळाली की त्यांच्या आतली पॅकेजे टोकाला येतात. पुन्हा तेच. वाटेत गाठीही लागतात. एका लायब्ररीची चाचणी घ्यायला दुसरी लागते आणि दुसरीची माहितीपुस्तिका तयार करायला पहिली. अशी गाठ माणसांनी बसून सोडवावी लागते.

२०१९च्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही पायथन सुखाने नांदत होते. २०२१च्या अकराव्या आवृत्तीत जुना दुभाषा होता, पण बहुतेक गोतावळ्याविना. काही पॅकेजे तयार करण्यापुरताच त्याला ठेवले होते. नुसत्या 'पायथन' या नावाला तिथे कोणी ओ देत नव्हते. ते नाव तीनला द्यायचे असेल तर ज्याने त्याने एक छोटे पॅकेज बसवायचे होते. २०२३च्या बाराव्या आवृत्तीत पायथन २ पूर्ण गेला. आमच्या वाचनालयाने दहावरून थेट बारावर उडी मारली होती, त्यामुळे मधला इशारा आम्हाला ऐकूच आला नाही.

यात नुकसानही झाले. छायाचित्रे सुधारायच्या गिंप या प्रोग्रॅमला पायथनमध्ये लिहिलेली उपकरणे जोडता येत. ती पायथन २वर होती, म्हणून डेबियनने ती सोय काढून टाकली. गिंपची पायथन ३ जाणणारी ३.० ही आवृत्ती मार्च २०२५मध्ये आली. मधली वर्षे ज्यांनी आपली उपकरणे घडवली होती त्यांना ती बाजूला ठेवावी लागली. ई-पुस्तके सांभाळणारा कॅलिबर सप्टेंबर २०२०च्या पाचव्या आवृत्तीने तीनवर आला, म्हणून टिकला. ज्या लहान पॅकेजांच्या पाठीशी सांभाळणारा कोणी उरला नव्हता, ती गेली. वाईट होती म्हणून गेली असे नाही. त्यांच्यासाठी बसून काम करणारे माणूस नव्हते.

वेगळी चूल

नव्या संगणकावर मी आधी आडवाट धरली. पायथनच्या जगाचे स्वतःचे वेगळे कोठार आहे आणि तिथून वस्तू आणणाऱ्या हरकाम्याचे नाव पिप. मला लागणारी लायब्ररी मी पिपकडे मागितली. त्याने नकार दिला. हे घर दुसरे कोणी सांभाळते, इथे मी हात घालणार नाही, अशा अर्थाचा संदेश आला. पूर्वी पिप असा अडवत नसे. त्यातून घोटाळे होत. डेबियनने ठेवलेल्या लायब्ररीला पिपची नवी लायब्ररी झाकून टाकी आणि डेबियनचेच एखादे साधन, जे त्या जुन्या लायब्ररीच्या भरवशावर असे, ते बिघडे. एका स्वयंपाकघरात दोन माणसे एकमेकांना न विचारता डबे हलवू लागली तर जे होते तेच. बाराव्या आवृत्तीपासून डेबियनने हे बंद केले. तरी हट्टच असेल तर एक मुभा आहे, आणि तिचे नावच 'सिस्टिमची पॅकेजे मोडा' अशा अर्थाचे ठेवले आहे.

पिपचा सरळ मार्ग म्हणजे वेगळी चूल मांडणे. एका प्रोग्रॅमपुरते स्वतंत्र दालन करायचे आणि त्याच्या लायब्ऱ्या तिथेच ठेवायच्या. घरच्या डब्यांना धक्का लागत नाही. पण त्या दालनातली लायब्ररी सदोष निघाली तर ती बदलण्याची जबाबदारी आपली. डेबियन तिकडे पाहणार नाही. नेदरलँड्समधून सुरू झालेल्या निक्स या प्रणालीने ही कल्पना टोकाला नेली आहे. तिथे प्रत्येक पॅकेजची प्रत्येक घडण आपापल्या स्वतंत्र फडताळात राहते आणि एकाच लायब्ररीच्या चार आवृत्त्या बिनतक्रार शेजारी बसतात. जागा जास्त लागते, आणि दुरुस्ती झाली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे पुन्हा घडवावे लागते.

मी स्वतंत्र दालनाचा विचार केला आणि सोडला. वाचनालयात संगणकाची नित्य काळजी घेणारे कोणी नाही. डेबियनच्या सुरक्षा-दुरुस्त्या तिथे आपोआप येतात, माझ्या दालनात आल्या नसत्या. जिथे सांभाळायला माणूस नाही, तिथे एकत्र कुटुंबाचा आसरा बरा.

ळ कुठे बसतो

मला लागणारी लायब्ररी डेबियनच्या कोठारात होतीच. तिचे नाव पायआयसीयू. तिच्यावाचून मराठी यादी लागत नाही. युनिकोडमधल्या देवनागरीच्या कोष्टकाला आधार होता भारतीय 'इस्की' संकेताचा, आणि त्यात ळ हा ल नंतर आणि व आधी बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. संगणकाला नुसते क्रमाने लावायला सांगितले तर तो 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर ठेवतो. मराठी कोशात नेमके उलट असते. प्रत्येक भाषेचे असे क्रम जाणणारी आयसीयू नावाची लायब्ररी आहे आणि तिला पायथनशी जोडणारा दुवा म्हणजे पायआयसीयू.

हा दुवा यंत्राच्या भाषेत घडवलेला असतो, त्यामुळे तो दोन्हीकडे जुळावा लागतो, इकडे पायथनच्या नेमक्या आवृत्तीशी आणि तिकडे आयसीयूच्या. डेबियन ११मध्ये पायथन ३.९ आणि आयसीयू ६७ होते, बारामध्ये ३.११ आणि ७२. यातले एक बदलले तरी दुवा पुन्हा घडवावा लागतो. म्हणून आयसीयूचा आकडा पॅकेजच्या नावातच घालतात. त्यामुळे सगळे नव्याकडे जाईपर्यंत जुने आणि नवे एकाच यंत्रावर राहू शकतात. पायथनचेही तसेच. आधी नवी आवृत्ती जुनीच्या जोडीला आणतात. यंत्रभाषेतले सारे दुवे दोघींसाठी घडवतात. फाइलच्या नावात आवृत्ती लिहिलेली असल्याने ते एकाच कप्प्यात मावतात. मग मुख्य म्हणून नवीला पुढे करतात आणि शेवटी जुनी काढतात. अकरा आणि बारा यांच्या दरम्यान हे दोनदा झाले, ३.९वरून ३.१०वर आणि तिथून ३.११वर. ही उलथापालथ 'अनस्टेबल' या विभागात चालते. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात, आणि या विभागाला खेळणी मोडणाऱ्या सिडचे नाव आहे. काही दिवस तिथे टिकले आणि इतरांना मोडले नाही, तर पॅकेज पुढच्या विभागात जाते.

पायआयसीयूसाठी हे काम कोणीतरी न चुकता केले होते, म्हणून ते मला मिळाले. पहिली ओळ बदलली, छापण्याच्या आज्ञा सुधारल्या आणि बाइटांचा मजकूर करणाऱ्या जुन्या आज्ञा काढल्या. तीनला त्यांची गरजही नव्हती आणि ओळखही. यादी निघाली.

पट्ट्या छापल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ते प्रश्नचिन्ह गेले की हो!" दहा वर्षे काही लांब नावांच्या शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटत असे आणि आम्ही ते छपाईयंत्राच्या माथी मारले होते. पट्टीवर नाव मावावे म्हणून मी ते साठवर तोडत होतो. माझ्या मते साठ घरे, पायथन २च्या हिशेबी साठ बाइट. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइट, मधल्या रिकाम्या जागेची एक, त्यामुळे कात्री कधी कधी चिन्हाच्या मधोमध पडे. आता ती चिन्हांच्या सांध्यावर पडते, आणि मर्यादा मी साठाऐवजी चोवीस चिन्हांची केली. तरी वेलांटी मागे राहून नुसते व्यंजन छापले जाण्याचा संभव होताच. पूर्ण अक्षराच्या सीमा ओळखण्याची सोयही आयसीयूमध्ये आहे. ती मी तेव्हाच वापरली.

ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन १३ निघाली. तिच्यात पायथन ३.१३ आणि आयसीयू ७६ आहे. पायथनने काही जुन्या लायब्ऱ्या या वेळीही काढून टाकल्या आहेत. वाचनालयाचा संगणक नवा करण्याआधी मी ग्रंथपालबाईंकडून दाखल नोंदवही मागून घेतली. तिच्या पहिल्या पानाला २०२३मध्ये मी एक कागद चिकटवला होता, जो खरे तर दहा वर्षे आधीच लिहायला हवा होता. त्यावर लिहिले आहे : हा प्रोग्रॅम पायथन ३चा आहे. त्याला डेबियनचे पायआयसीयूचे पॅकेज लागते. सिस्टिम बदलल्यावर यादी काढून पाहावी. कावळा आधी आणि काळ नंतर आला, तर सर्व ठीक आहे.